राजाच्या शत्रूंचा सेनापती होता, राजाला परत आणलं आणि थेट ड्यूक झाला

साल १६५९. नोव्हेंबर महिना. इकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अफझलखानाचा निकाल लावला होता. नेमक्या त्याच दिवसांत, हजारो मैल लांब स्कॉटलंडमध्ये एक पन्नाशीचा जाडजूड सेनापती आपली फौज घेऊन गप्प बसला होता. त्याच्या मनात काय चाललंय हे लंडनला माहिती नव्हतं, त्याच्या अधिकाऱ्यांना माहिती नव्हतं, आणि परदेशात वणवण फिरणाऱ्या इंग्लंडच्या राजपुत्रालाही माहिती नव्हतं.

पुढच्या सहा महिन्यांत या गप्प बसलेल्या माणसाने इंग्लंडची सत्ता पालटली. अकरा वर्षांपूर्वी राजाचं मुंडकं उडवणाऱ्या देशात पुन्हा राजा आणून बसवला. आणि गंमत म्हणजे या सगळ्यात इंग्लंडमध्ये एकही मोठी लढाई झाली नाही.

त्या सेनापतीचं नाव जॉर्ज मंक. कर्जबाजारी बापाचा धाकटा मुलगा. त्याचा शिपाईगिरीपासून ड्यूक होण्यापर्यंतचा प्रवास नेमका कसा झाला, तेच बघूया.

कर्जबाजारी बाप आणि एक मारामारी

जॉर्ज मंकचा जन्म ६ डिसेंबर १६०८ चा. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, तिथल्या पॉथरिज गावचा. घराणं तसं जुनं. एका पणजीच्या माहेरकडून थोडंसं राजघराण्याचं रक्तही होतं, तेही अनौरस बाजूने. पण नुसत्या रक्ताने पोट भरत नाही. बाप सर थॉमस मंक कर्जात बुडालेला होता.

त्यात जॉर्ज धाकटा. इंग्लंडमध्ये तेव्हा जमीनजुमला थोरल्या मुलाला जायचा. धाकट्यांनी एकतर पाद्री व्हायचं, वकिली करायची, नाहीतर तलवार घ्यायची. जॉर्जच्या भावाने, निकोलसने, चर्चची वाट धरली. जॉर्जने तलवार घेतली.

१६२५ मध्ये राजा पहिला चार्ल्स डेव्हन भागात येणार होता. बापाला राजाच्या स्वागताला जायचं होतं, पण कर्जापायी अटक होईल ही भीती. म्हणून शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे हात ओले केले. त्या पठ्ठ्याने पैसे घेतले आणि भर लोकांत बापाला अटकही केली. चिडलेल्या जॉर्जने त्या अधिकाऱ्याला गाठून बेदम चोपला. सरकारी माणसाला मारलं म्हटल्यावर घरी राहणं अवघड झालं. लढाईवर जाणं हाच बरा मार्ग होता.

स्पेनमधल्या कादिसची मोहीम, मग फ्रान्सच्या किनाऱ्यावरची मोहीम, दोन्ही इंग्लंडने सपाटून हरल्या. पण मंकला धंद्याची चव लागली. १६२९ च्या सुमारास तो डचांच्या नोकरीत गेला. तेव्हा डच फौज म्हणजे युरोपातली युद्धाची शाळाच होती. कवायत, तोफा, वेढे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळेवर पगार. शिपायाला पगार मिळाला तर तो शिस्तीत राहतो, नाही मिळाला तर लुटतो, हा धडा त्याने तिथे गिरवला. १६३७ मध्ये ब्रेडा शहराच्या वेढ्यात त्याने नाव कमावलं. हे ब्रेडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

राजाचा माणूस संसदेच्या गोटात कसा गेला?

१६४२ मध्ये इंग्लंडमध्ये यादवी पेटली. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला संसद. मंक तेव्हा आयर्लंडमध्ये राजाच्या फौजेत लढत होता. तिथून त्याला इंग्लंडमध्ये आणलं गेलं आणि जानेवारी १६४४ मध्ये नँटविचच्या लढाईत तो संसदेच्या हाती सापडला.

रवानगी थेट टॉवर ऑफ लंडनमध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ तो तिथे कैदेत होता. राजाने त्याला १०० पौंड पाठवले, त्यावर काही काळ निभावलं. याच कैदेत त्याने युद्धशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं, जे त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. आणि याच कैदेत त्याची ओळख झाली अ‍ॅन क्लार्जेसशी. ती एका नालबंदाची मुलगी. कैद्यांचे कपडे धुवायची, शिवायची. तिचं आधी लग्न झालेलं होतं. पुढे १६५३ मध्ये मंकने तिच्याशीच लग्न केलं.

१६४६ पर्यंत राजा लढाई हरला होता. संसदेने मंकला सांगितलं, आयर्लंडमध्ये आमच्याकडून लढ. मंकने हो म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर सरळ सरळ पलटी. पण त्या काळच्या व्यावसायिक शिपायाचा हिशोब वेगळा होता. आयर्लंडमधल्या बंडखोरांशी लढणं हे राजा आणि संसद दोघांनाही हवं होतं. मंकच्या मते शिपायाने देशाच्या नागरी सत्तेचं ऐकायचं, आणि ती सत्ता आता संसदेकडे होती. सोयीचं तत्त्व म्हणा, पण त्याने ते पुढे बऱ्यापैकी पाळलं.

क्रॉमवेलचा भरवशाचा माणूस

३० जानेवारी १६४९ ला राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. राजेशाही रद्द झाली. सत्तेची दोरी हळूहळू ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हातात गेली.

क्रॉमवेलने १६५० मध्ये स्कॉटलंडच्या मोहिमेसाठी मंकला निवडलं. त्याला एक तयार पलटण द्यायचं ठरलं, तर त्या शिपायांनीच नकार दिला. नँटविचला ज्याला आपण हरवलं त्याच्या हाताखाली कसं काम करायचं, असा त्यांचा सवाल होता. मग दोन वेगळ्या पलटणींमधून पाच-पाच कंपन्या काढून मंकसाठी नवी पलटण उभी केली गेली. या पलटणीची गोष्ट शेवटी येईल.

डनबारची लढाई जिंकली. पुढच्या वर्षी क्रॉमवेल दक्षिणेला गेला आणि स्कॉटलंड मंकच्या ताब्यात आलं. सप्टेंबर १६५१ मध्ये त्याने डंडी शहर हल्ला करून घेतलं. त्यात शेकडो लोक मारले गेले आणि शहराची लूट झाली. मंकचं चरित्र सांगताना हा डाग पुसून चालत नाही.

मग डचांशी समुद्रावर युद्ध सुरू झालं. ज्या डचांकडे तो शिकला, त्यांच्याविरुद्धच तो आता आरमाराचा सेनापती झाला. असं सांगतात की भर समुद्रात त्याने जहाजांना पायदळाच्या कवायतीतला हुकूम दिला आणि खलाशी पोट धरून हसले. पण १६५३ मधल्या लढायांत इंग्लंडने डचांना मागे रेटलं. शेवटच्या लढाईत डचांचा नामांकित दर्यासारंग ट्रॉम्प ठार झाला.

१६५४ पासून मंक पुन्हा स्कॉटलंडमध्ये. तिथलं बंड त्याने मोडलं आणि पुढची पाच वर्षं कारभार पाहिला. पगार वेळेवर, हिशोब चोख, अधिकाऱ्यांवर बारीक नजर. लंडनमध्ये राजकारण उकळत असताना त्याच्याकडे इंग्लंडमधली सगळ्यात शिस्तबद्ध फौज तयार होत होती.

क्रॉमवेल गेला आणि सगळं विस्कटलं

३ सप्टेंबर १६५८ ला क्रॉमवेल वारला. गादीवर आला त्याचा मुलगा रिचर्ड. त्याच्यामागे ना फौज होती, ना पैसा. आठ महिन्यांत तो बाजूला झाला.

मग जुनी संसद परत बोलावली. तिला लोक ‘रंप’ म्हणायचे. रंप म्हणजे जनावराचा मागचा भाग. १६४८ मध्ये फौजेने नको असलेले खासदार हाकलून लावले होते, उरलेल्यांची ही संसद, म्हणून हे नाव. ऑक्टोबर १६५९ मध्ये जनरल लँबर्टने या रंपलाही कुलूप लावलं. आता देशात राजा नाही, प्रोटेक्टर नाही, संसदही नाही. फक्त फौज. आणि त्या फौजेचा पगार थकलेला.

इथे मंकने पहिली चाल खेळली. त्याने जाहीर केलं की फौजेने संसदेवर हात टाकणं चूक आहे आणि आपण संसदेच्या बाजूने आहोत. राजाचं नावही काढलं नाही. काढलं असतं तर त्याच्याच फौजेतल्या कडव्या प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला पकडलं असतं.

पुढची पावलं फार शांतपणे पडली. ज्या अधिकाऱ्यांवर भरवसा नव्हता, त्यांना काढलं आणि विश्वासातले बसवले. लँबर्ट मोठी फौज घेऊन उत्तरेला आला, तेव्हा मंकने लढाई टाळून वाटाघाटी सुरू केल्या. वाटाघाटींत ठरलेल्या गोष्टींवर पुन्हा शंका काढल्या, पुन्हा बोलणी लावली. एकेक दिवस पुढे ढकलला.

का? कारण मंकच्या शिपायांना पगार मिळत होता, लँबर्टच्या शिपायांना मिळत नव्हता. थंडी वाढत होती. वेळ जाईल तशी लँबर्टची फौज आपोआप विरघळणार, हे मंकने ओळखलं होतं. झालंही तसंच. यॉर्कशायरमध्ये जुना सेनापती फेअरफॅक्स लँबर्टच्या विरोधात उठला आणि लँबर्टचे शिपाई घरोघरी पांगले. २६ डिसेंबरला रंप संसद पुन्हा भरली.

कोल्डस्ट्रीम ते लंडन

मंकने डिसेंबरमध्ये ट्वीड नदीच्या काठावर कोल्डस्ट्रीम या छोट्या गावात तळ टाकला होता. जानेवारी १६६० च्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीत त्याने नदी ओलांडली आणि लंडनची वाट धरली.

वाटेत गावोगावचे लोक भेटायला यायचे. सगळ्यांची मागणी एकच, पूर्ण आणि मोकळी संसद हवी. मंक ऐकून घ्यायचा, मोघम उत्तर द्यायचा, पुढे निघायचा. लंडनच्या जवळ आल्यावर त्याने रंपला कळवलं की शहरातल्या पलटणी आधी बाहेर काढा. ३ फेब्रुवारीला जेमतेम ६ हजारांची फौज घेऊन तो लंडनमध्ये शिरला, तेव्हा शहरात त्याच्या तोडीचं कुणीच उरलं नव्हतं.

रंपने लगेच त्याची परीक्षा घेतली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी पूर्ण संसद भरेपर्यंत कर देणार नाही असं ठरवलं होतं. रंपने मंकला हुकूम दिला, शहराचे दरवाजे उखडून टाक, रस्त्यातल्या साखळ्या काढ, पुढाऱ्यांना अटक कर. मंकने हुकूम पाळला. लंडनकर हादरले. हाही त्यातलाच निघाला, असं लोक म्हणू लागले.

आणि दोनच दिवसांत, ११ फेब्रुवारीला, मंकने डाव उलटवला. त्याने रंपला पत्र पाठवलं की रिकाम्या जागांच्या निवडणुका ताबडतोब जाहीर करा. पत्र धाडून तो थेट शहराच्या पुढाऱ्यांकडे गेला आणि आपण तुमच्या बाजूने आहोत असं सांगितलं.

त्या रात्री लंडनमध्ये अक्षरशः दिवाळी झाली. चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या आणि लोकांनी त्यावर जनावरांचे मागचे भाग भाजले. रंप संसदेची ही जाहीर टिंगल होती. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स त्या रात्री रस्त्यावर होता. एकाच जागेवरून त्याने ३१ शेकोट्या मोजल्या.

२१ फेब्रुवारीला १६४८ मध्ये हाकललेले खासदार मंकच्या संरक्षणात पुन्हा सभागृहात जाऊन बसले. रंपचं बहुमत संपलं. १६ मार्चला या संसदेने स्वतःला विसर्जित केलं आणि नव्या निवडणुका लागल्या. मंकला हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा देऊ केला गेला, तो त्याने नाकारला. २० हजार पौंड मात्र मंजूर झाले.

कागदावर एक ओळही नाही

आता राजपुत्राची बाजू. दुसरा चार्ल्स तेव्हा ब्रसेल्समध्ये होता, खिशात पैसा नाही आणि आशाही फारशी नाही. मंकचा नातेवाईक सर जॉन ग्रेनव्हिल त्याचं पत्र घेऊन आधीपासून लंडनमध्ये थांबलेला होता. मंकने मार्चच्या मध्यापर्यंत त्याला दाद दिली नाही. शेवटी गुपचूप भेट झाली.

मंकने पत्र वाचलं, पण उत्तर लिहून दिलं नाही. ग्रेनव्हिलने सगळं तोंडपाठ करायचं आणि राजपुत्राला सांगायचं, असं ठरलं. निरोप साधारण असा होता. ब्रसेल्स स्पेनच्या ताब्यात आहे आणि स्पेनशी इंग्लंडचं युद्ध चालू आहे, तेव्हा आधी तिथून निघा. डचांच्या मुलखात जा. सगळ्यांना माफी जाहीर करा. फौजेचा थकलेला पगार देण्याचं वचन द्या. यादवीत ज्यांनी जमिनी विकत घेतल्या त्यांना धीर द्या. धर्माच्या बाबतीत मोकळीक द्या.

राजपुत्र गेला कुठे? ब्रेडाला. तेच ब्रेडा, जिथे तरुण मंक २३ वर्षांपूर्वी लढला होता. ४ एप्रिल १६६० ला तिथून जाहीरनामा निघाला. त्यात हीच चार वचनं होती, आणि प्रत्येकाचा शेवटचा निर्णय संसदेवर सोपवला होता.

हा जाहीरनामाच खरी किल्ली ठरला. लोकांना राजा नको होता असं नव्हतं, त्यांना राजाच्या सूडाची भीती होती. शिपायाला पगाराची चिंता होती, जमीन घेतलेल्याला जमिनीची. जाहीरनाम्याने प्रत्येकाला वाटलं की राजा आला तरी आपलं घर बुडणार नाही.

एप्रिलमध्ये लँबर्ट कैदेतून पळाला आणि त्याने बंडाचा शेवटचा प्रयत्न केला, पण २२ एप्रिलला डॅव्हेंट्रीजवळ तो पकडला गेला. ८ मे ला नव्या संसदेने दुसऱ्या चार्ल्सला राजा जाहीर केलं.

शिपाई ते ड्यूक

२५ मे १६६० ला राजा डोव्हरच्या किनाऱ्यावर उतरला. मंकने गुडघे टेकले. राजाने त्याला उठवून मिठी मारली आणि ‘फादर’ म्हणून हाक मारली. दुसऱ्याच दिवशी कँटरबरीला त्याला ‘गार्टर’ हा इंग्लंडचा सर्वोच्च मानाचा किताब मिळाला.

तिथेच मंकने राजाच्या हातात एक यादी ठेवली. सल्लागार म्हणून नेमण्यासारखी सुमारे ७० नावं. राजा दचकला. आपल्याला परत आणणारा आता आपल्यालाच चालवणार की काय? मग मंकच्या माणसाकडून खुलासा आला की लोकांना शब्द दिला होता म्हणून नावं लिहिली, राजाने पाहिजे तेवढीच घ्यावीत.

७ जुलै १६६० ला जॉर्ज मंक ‘ड्यूक ऑफ अल्बेमार्ल’ झाला. ड्यूक म्हणजे राजघराण्यानंतरचा सगळ्यात वरचा सरदार. सोबत वर्षाला ७ हजार पौंडांचं उत्पन्न, राजाच्या घोडदळ-पागेची प्रमुखगिरी आणि सगळ्या फौजांचं सरसेनापतीपद. पुढे १६६३ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीच्या आठ मालकांपैकी तो एक झाला. तिथल्या एका खाडीला आजही अल्बेमार्लचं नाव आहे.

नालबंदाची मुलगी अ‍ॅन आता डचेस झाली. दरबाराने तिला मनापासून कधी स्वीकारलं नाही. पीप्सने रोजनिशीत तिच्याबद्दल भरपूर नाकं मुरडली आहेत. पण मंकने तिला लपवलं नाही की सोडलं नाही.

मग किंमत कुणी मोजली?

माफी सगळ्यांना नव्हती. पहिल्या चार्ल्सला मृत्युदंड देणाऱ्यांवर ऑक्टोबर १६६० मध्ये खटले चालले. न्याय करणाऱ्यांत मंकही बसला होता. ज्यांच्या बाजूने तो वर्षानुवर्षं लढला, त्यांतले काही जण हाल करून मारले गेले. क्रॉमवेलचं प्रेत जानेवारी १६६१ मध्ये उकरून फासावर लटकवलं.

स्कॉटलंडचा सरदार आर्गाइलच्या खटल्यात तर मंकने त्याची जुनी खासगी पत्रं पुरावा म्हणून पाठवली. क्रॉमवेलच्या काळात सरकारला मदत करू, असं आर्गाइलने ती पत्रं मंकलाच लिहिली होती. आर्गाइलचं डोकं उडालं. ज्या सरकारचा मंक स्वतः सेनापती होता, त्या सरकारला मदत केल्याचा हा गुन्हा! मंकवरचा सगळ्यात काळा ठपका तो हाच.

दुसरी बाजूही आहे. त्याच्याकडे फौज होती, लंडन मुठीत होतं, देश थकलेला होता. दुसरा क्रॉमवेल होण्यापासून त्याला अडवणारं फारसं कुणी नव्हतं. तो झाला नाही. त्याने निर्णय निवडून आलेल्या सभागृहावर सोडला आणि फौजेचा पगार चुकता करून ती घरी पाठवली. १६६५ च्या प्लेगमध्ये राजा आणि दरबार लंडन सोडून पळाले, तेव्हा हा ड्यूक शहरात थांबून कारभार बघत होता.

मुंबईचा धागा

मंकने ज्याला गादीवर बसवलं, त्याच दुसऱ्या चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरीनशी ठरलं. १६६१ च्या त्या करारात हुंड्यात मुंबई बेट इंग्लंडला मिळालं. १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकलं. राजा परत आला नसता, तर हे लग्नही झालं नसतं आणि मुंबई पोर्तुगीजांकडे आणखी किती वर्षं राहिली असती, कुणास ठाऊक.

मंक ३ जानेवारी १६७० ला खुर्चीत बसल्या बसल्या गेला. काही आठवड्यांत अ‍ॅनही गेली. त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये राजांच्या शेजारी पुरलं. मुलगा ख्रिस्तोफर दुसरा ड्यूक झाला, पण १६८८ मध्ये जमैकात निपुत्रिक वारला आणि मंक घराण्याची ड्यूकची गादी तिथेच संपली. त्यानंतर अ‍ॅनचा पहिला नवरा लग्नावेळी जिवंत होता का, यावरून वारसाहक्काचे दावे कित्येक वर्षं कोर्टात चालले.

टिकली ती त्याची पलटण. क्रॉमवेलची बाकी फौज मोडली, पण जानेवारी १६६१ मध्ये लंडनमध्ये एक छोटं बंड झालं आणि राजाला जाणवलं की भरवशाचे शिपाई जवळ हवेत. १४ फेब्रुवारी १६६१ ला टॉवर हिलवर मंकच्या शिपायांनी क्रॉमवेलच्या फौजेची म्हणून हातातली शस्त्रं जमिनीवर ठेवली आणि राजाची म्हणून तीच पुन्हा उचलली.

ज्या गावातून ते निघाले, त्याचंच नाव त्यांना पडलं, कोल्डस्ट्रीम गार्ड्स. बकिंगहॅम राजवाड्यासमोर लाल कोट आणि काळ्या केसाळ टोप्या घालून उभे असलेले जे शिपाई रील्समध्ये दिसतात, त्यांच्यातली एक पलटण हीच. राजाची राखण करणारी ही पलटण मुळात राजेशाही मोडणाऱ्यांनी उभी केली होती.